न सुटणाऱ्या प्रश्नांचं धोरणवाले नेमकं करतात काय?

कातरवेळ

हल्ली सार्वजनिक धोरणावरचं बरंच वाचते आहे आणि एक शंका पाठ सोडत नाही. इथे या विषयातली दोनचार जाणती माणसं आहेत, आणि मत तर सगळ्यांनाच असतं, म्हणून धागा काढते.

बेघरपणा, व्यसनं, वाहतुकीची कोंडी, हवामानबदल, वर्षानुवर्षं शाळेत बसूनही वाचता न येणारी मुलं. यांवर समित्या बसतात, जाडजूड अहवाल येतात, पैसा ओतला जातो आणि प्रश्न आहे तिथेच. १९७३ साली बर्कली विद्यापीठातल्या होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी एका निबंधात अशा प्रश्नांची दहा लक्षणं मांडली. 'विकेड प्रॉब्लेम' (म्हणजे सरळ उत्तर नसलेला, चिवट प्रश्न) हे नाव तिथून रुजलं. प्रश्नाची पक्की व्याख्या करता येत नाही. काम संपलं असं सांगणारा काही नियम नसतो. उत्तर बरोबर किंवा चूक नसतं, फार तर बरं किंवा वाईट. प्रत्येक प्रश्न दुसऱ्या कुठल्यातरी प्रश्नाचं लक्षण असतो. आणि दहावं मला सगळ्यात कठोर वाटलं: नियोजन करणाऱ्याला चुकण्याचा हक्क नसतो. शास्त्रज्ञाचं गृहीतक खोटं ठरलं तर कुणी त्याला दोष देत नाही. इथे तुमच्या चुकीचे परिणाम दुसरी माणसं भोगतात.

वाचताना माना डोलावल्या. मग वाटलं, बरं, पुढे काय? याला पन्नास वर्षं उलटून गेली. या मांडणीने कुणाची काम करायची पद्धत बदलली का? की "प्रश्नच गुंतागुंतीचा आहे हो" असं म्हणून हात झटकायला एक प्रतिष्ठित सबब मिळाली?

टाचणी

दुसरं. धागा बंद करायला हरकत नाही.

सावकाश

"काम संपलं असं सांगणारा नियम नसतो" हे वाचून आधी आपले जुने धागेच आठवले. वाचतोय. मध्यलय येतील आणि सविस्तर लिहितील, तोवर बूड टेकवून बसतो.

मध्यलय

आलो. :)

कातरवेळ, तुम्ही लक्षणांची यादी घेतलीत पण ती कुणाला उद्देशून होती ते सुटलं. साठच्या दशकातली अमेरिका डोळ्यांसमोर आणा. संरक्षण खात्यात आणि अवकाश मोहिमेत सिस्टिम्स अॅनालिसिसने, म्हणजे सगळे पर्याय आकड्यांत तोलून निवडायच्या पद्धतीने, कमाल केली होती. साहजिकच सूर असा लागला की चंद्रावर माणूस पाठवू शकतो, तर शहरातली गरिबी काय चीज आहे! रिटेल आणि वेबर यांचं म्हणणं इतकंच होतं की ती हत्यारं जिथे चालतात ते प्रश्न वेगळे. बुद्धिबळात पाच चालींत मात करायची असेल तर प्रश्न काय आणि सुटला कधी, यावर दुमत नसतं. गरिबीचं तसं नाही. तुम्ही तिची व्याख्या केलीत की अर्धं उत्तर त्या व्याख्येतच ठरून गेलेलं असतं.

उदाहरण देतो. सेंट लुईसमधली प्रुइट-आयगो ही सरकारी वसाहत. अकरा मजली ३३ इमारती, पन्नासच्या दशकाच्या मध्यात उभ्या राहिल्या आणि १९७२ पासून सुरुंग लावून पाडायला सुरुवात झाली. पुढे बराच काळ खापर वास्तुरचनेवर फुटलं: आधुनिक इमारती माणसांना राहण्याजोग्या नसतात, असा निकाल लागला. पण जरा जवळून बघा. देखभालीचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातून भागवायचा होता. त्याच सुमारास शहराची लोकसंख्या घटत होती, लोक उपनगरांकडे निघाले होते. घरं रिकामी पडली की भाडं कमी, भाडं कमी की लिफ्ट आणि पाण्याचे पाइप नादुरुस्त, ते नादुरुस्त की आणखी कुटुंबं बाहेर. हा प्रश्न रचनेचा मानला तर उत्तर निघतं 'बुटक्या इमारती बांधा'. पैशाच्या व्यवस्थेचा मानला तर उत्तर 'देखभाल भाड्यावर सोडू नका'. वर्णद्वेषाने विभागलेल्या शहराचा मानला तर आणखी तिसरंच. तिन्ही उत्तरं देणारे लोक हुशार होते आणि एकाच इमारतीकडे बघत होते.

तेव्हा ही सबब नव्हती. तज्ज्ञांच्या तोऱ्याला लावलेला तो चाप होता.

टाचणी

चाप लावला हे मान्य. पुढे काय करायचं ते सांगितलं का?

मध्यलय

थोडंफार. रिटेल यांचा भर वादावर होता. ज्यांना झळ बसते त्यांनाही बसवा, कुणाचं कोणतं गृहीतक आहे ते मांडा, आक्षेप नोंदवा, त्यातून प्रश्नाचं चित्र हळूहळू स्पष्ट होऊ द्या. त्यासाठी त्यांनी मुद्दे आणि त्यांच्या बाजूचे-विरुद्धचे युक्तिवाद लिहून काढायची एक पद्धतही बनवली होती. पण त्या निबंधात रेडीमेड तोडगा नाही, हे खरं.

आकडेमोड

तोडग्याच्या जवळ जाणारा माणूस त्यांच्याही आधीचा आहे. राज्यशास्त्रज्ञ चार्ल्स लिंडब्लॉम, १९५९. त्याचं म्हणणं, धोरण करायच्या दोन रीती. एक मुळापासून: सगळी उद्दिष्टं ठरवा, सगळे पर्याय काढा, प्रत्येकाचे परिणाम तोला, सर्वोत्तम निवडा. पुस्तकात हीच असते. दुसरी फांदीवरून: आज जे चालू आहे त्यात थोडा फरक करा, काय झालं बघा, पुन्हा थोडा फरक करा. प्रत्यक्षात सगळे दुसरीच वापरतात आणि वर लाजतात. लिंडब्लॉम म्हणतो, लाजू नका, तीच शहाणपणाची आहे. कारण माणसांचं मूल्यांवर एकमत होत नाही, पण पुढच्या एका पावलावर होऊ शकतं. दोन पक्ष भिन्न कारणांसाठी एकाच विधेयकाला हात वर करतात, ते याचमुळे.

याला हर्बर्ट सायमनची जोड द्या. त्याला १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माणसाची माहिती, वेळ आणि आकलन तोकडं असतं, म्हणून तो सर्वोत्तम शोधत बसत नाही, पुरेसं चांगलं सापडलं की थांबतो. म्हणजे कातरवेळ यांनी म्हटलेला 'थांबायचा नियम' आपल्याला आपणच ठरवावा लागतो.

कोपरखळी

मला लिंडब्लॉम कधीच पचला नाही. "थोडा फरक करा, बघा" हे कुणाला परवडतं? ज्याचं आजचं बरं चाललंय त्याला. रस्त्यावर झोपणाऱ्याला तुम्ही काय सांगणार, यंदा कडेकडेने तीन टक्के सुधारणा करतो, थंडीत भेटू? ही टीका माझी नाही. यहेझ्केल ड्रोर यांनी १९६४ मध्येच विचारलं होतं की हे शास्त्र आहे की निव्वळ जडत्व. आजची परिस्थिती मुळात बरी असेल, प्रश्न फारसा बदलत नसेल, तरच फांदीवरची पद्धत चालते. बाकी वेळी ती जैसे थेची वकिली आहे.

आणि मोठी पावलं पडतच नाहीत असं कुठे आहे? ओझोनचं बघा. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी फ्रिज-स्प्रेमधल्या रसायनांचा ओझोनच्या थराला असलेला धोका सांगितला, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जगासमोर आलं, १९८७ मध्ये ती रसायनं आवरणारा माँट्रियल करार झाला. पुढे जगातला प्रत्येक देश त्यात आला.

आकडेमोड

कोपरखळी, ओझोनचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. ती रसायनं बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या, पर्यायी रसायनं आवाक्यात होती, आणि तुमचा-माझा दिनक्रम त्यावाचून अडत नव्हता. शिवाय करारात टप्प्याटप्प्याने कपात कडक करायची सोय होती आणि ती नंतर अनेकदा वापरली गेली. म्हणजे मोठ्या पावलाच्या पोटात लिंडब्लॉम बसलेला होता.

हवामानबदलाला हेच औषध लागू पडेना. २०१२ मध्ये लेव्हिन, कॅशोर, बर्नस्टीन आणि ऑल्ड यांनी त्याला 'सुपर विकेड' म्हटलं. चार कारणं दिली: वेळ संपत चाललाय, प्रश्न निर्माण करणारेच तो सोडवायला बसलेत, सगळ्यांना बांधून ठेवेल अशी मध्यवर्ती सत्ता नाही, आणि भविष्यातलं नुकसान आपण आज अवाजवी स्वस्त धरतो.

सावकाश

दुसरं कारण वाचून कपाळाला हात लावला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

टाचणी

चोर आपणच. म्हणून तर किल्ल्या परत मागायला कुणी येत नाही.

रुळावरून

मी विचारवंत नाही, एका कचेरीत तक्रार निवारणाच्या कामाला होतो. तिथलं सांगतो, कारण वर सगळं फार उंचावरून चाललंय.

वरून हुकूम आला की प्रत्येक तक्रार सात दिवसांत 'बंद' झाली पाहिजे. डॅशबोर्ड आला. वेळेत बंद असेल तर हिरवा, नाहीतर लाल. पहिल्या महिन्यात खरंच कामं झाली, हे मुद्दाम सांगतो. मग सोप्या तक्रारी संपल्या आणि चिवट उरल्या. तेच गटार पुन्हा तुंबणार, कारण खालची वाहिनी दुसऱ्या खात्याची. तेव्हा सहाव्या दिवशी संध्याकाळी एक शेरा पडायला लागला: "संबंधित विभागाकडे वर्ग." वर्ग केली की आमच्याकडे बंद, हिरवा. त्या विभागाकडे ती नवी तक्रार म्हणून उघडायची, त्यांचे सात दिवस सुरू. तेही सहाव्या दिवशी आमच्याकडे वर्ग करायचे. एक बाई फोनवर म्हणाल्या, "अहो, माझ्या तक्रारीचा नंबर सारखा बदलतोय, वास तोच आहे."

यात कुणी लबाड नव्हतं. हिरवा दिसला नाही तर साहेबाला वर उत्तर द्यावं लागायचं. नंतर कळलं की याला नाव आहे. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल लिहिलं होतं की एखाद्या मापाला लगाम म्हणून वापरायला गेलं की ते माप बिघडतं. माझा मुद्दा हा की सबब फक्त "प्रश्न गुंतागुंतीचा आहे" म्हणणाऱ्यांकडेच नसते. "प्रश्न सोपा आहे, सात दिवसांत संपवा" ही त्याहून घातक, कारण तिचा तक्ता हिरवागार असतो.

कातरवेळ

रुळावरून, प्रतिसाद फार आवडला. वास तोच आहे!

कोपरखळी

+१. पण यावरून मोजूच नये असा अर्थ कुणी काढू नका.

मध्यलय

नाही काढत. मोजमाप आणि बक्षीस-शिक्षा यांची गाठ सैल ठेवायची, इतकंच.

कोपरखळींच्या थंडीतल्या माणसाकडे येतो, कारण तो मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फिनलंडने २००८ पासून राष्ट्रीय पातळीवर 'आधी घर' हे धोरण घेतलं. जुनी रीत जिन्यासारखी होती: आधी दारू सोड, मग उपचार घे, मग तात्पुरता निवारा, नीट वागलास तर शेवटी घर. बहुतेक जण मधल्या पायरीवरून घसरायचे. त्यांनी क्रम उलटा केला. भाडेकराराचं घर आधी, चावी हातात, बाकीची मदत त्यानंतर आणि तीही घर काढून घ्यायची धमकी न देता. रात्र-निवाऱ्यांच्या इमारतींचं छोट्या सदनिकांत रूपांतर केलं. दीर्घकाळ बेघर असलेल्यांची संख्या पुढच्या वर्षांत ठळकपणे घटली.

इथे गंमत बघा. नवं तंत्रज्ञान नाही, अचाट सिद्धांत नाही. बेघरपणा म्हणजे 'माणसातला दोष' ही व्याख्या बाजूला ठेवून 'घर नसणे' ही घेतली. व्याख्या बदलली आणि उत्तर बदललं, १९७३ च्या निबंधात म्हटलंय तसंच.

टाचणी

आणि घरं होती म्हणून जमलं. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी व्याख्या बदलून काय उपयोग?

मध्यलय

बरोबर. त्यांनी घरं बांधली, विकत घेतली, त्यासाठी सरकार, पालिका आणि संस्था एका करारात आल्या. तो भाग भाषणांत गाळला जातो.

अर्धविराम

अवांतर: नेपाळमधल्या पाटबंधाऱ्यांवरचं राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रम यांचं काम कुणी वाचलंय का? अभियंत्यांनी बांधलेल्या पक्क्या बंधाऱ्यांपेक्षा शेतकऱ्यांनी दगडमाती रचून केलेल्या व्यवस्था अनेकदा सरस निघाल्या. शेवटच्या शेतापर्यंत पाणी तिथेच पोचायचं. कारण कच्चा बांध दरवर्षी दुरुस्त करावा लागे, त्यासाठी वरच्या शेतकऱ्याला खालच्याचे हात लागत, म्हणून पाणी सोडताना खालच्याला डावलता येत नसे. पक्का बंधारा आला आणि वरच्याला खालच्याची गरज उरली नाही.

आकडेमोड

अवांतर कसलं, हा तर धाग्याचा गाभा. गॅरेट हार्डिनने १९६८ मध्ये जाहीर केलं होतं की सामाईक कुरणाची वाट लागणारच, एक तर सरकारने घ्या नाहीतर खाजगी करा. ऑस्ट्रम बाईंनी कुरणं, मासेमारी, पाणी यांवरचे शेकडो अभ्यास जमवले आणि १९९० मध्ये दाखवलं की तिसऱ्या रीतीने, म्हणजे वापरणाऱ्यांनीच मिळून नियम ठरवून, कित्येक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. त्यांनी आठ तत्त्वं काढली: हद्द स्पष्ट हवी, नियम तिथल्या परिस्थितीला जुळणारे हवेत, ते पाळणाऱ्यांना ते बदलता यायला हवेत, पहिल्या चुकीला सौम्य दंड, वगैरे. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पण शेवटपर्यंत बजावत राहिल्या की ही तत्त्वं सगळीकडे चिकटवायचा नकाशा नव्हे.

सावकाश

एकाच उत्तराचा नकाशा चिकटवल्याचं उदाहरण हवं असेल तर मेक्सिको सिटी. १९८९ मध्ये गाडीच्या नंबरातल्या शेवटच्या आकड्यावरून आठवड्यातला एक दिवस गाडी बंद. लोकांनी दुसरी गाडी घेतली, वेगळ्या नंबराची, बऱ्याचदा जुनी आणि जास्त धूर ओकणारी. लुकस डेव्हिस यांच्या २००८ च्या अभ्यासात हवा सुधारल्याचा पुरावा सापडला नाही. माणूस नियम पाळतोही आणि हरवतोही.

कातरवेळ

सगळं वाचलं. माझा मूळ प्रश्न आता नेमका करून विचारते. मी सोमवारी सकाळी एखाद्या शहराच्या वाहतूक खात्यात रुजू झाले. रिटेल, लिंडब्लॉम, ऑस्ट्रम सगळे वाचलेत. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या, यातलं काहीही न वाचलेल्या माणसापेक्षा मी वेगळं काय करेन?

टाचणी

जेवायच्या सुट्टीत जास्त बोलाल.

मध्यलय

:) आणि निर्णय उलटवता येईल अशा रीतीने घ्याल. स्टॉकहोमने कोंडीकर (शहराच्या हद्दीतून ये-जा करणाऱ्या गाड्यांवरचा कर) आणला तेव्हा लोक विरोधात होते. त्यांनी 'आणतो' म्हटलं नाही, 'आजमावतो' म्हटलं. ३ जानेवारी २००६ ला सुरू, ३१ जुलैला बंद, ही तारीख आधीच जाहीर. जोडीला बस वाढवल्या. हद्दीवरची वाहतूक साधारण पाचव्या हिश्श्याने घटली. ठरल्याप्रमाणे कर थांबवला, तर गाड्या बऱ्याच अंशी परतल्या. लोकांनी दोन्ही अवस्था स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या आणि सप्टेंबरात सार्वमत झालं. शहरातल्या मतदारांनी होकार दिला. ऑगस्ट २००७ पासून कर कायमचा. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने एक तर अहवालच मागवत बसायचं, नाहीतर एका रात्रीत लागू करून दंगा ओढवून घ्यायचा.

कोपरखळी

अर्धीच गोष्ट सांगितलीत. आसपासच्या ज्या पालिकांनी स्वतःचं मतदान घेतलं, तिथे बहुतेकांनी नकार दिला होता. गाडीने रोज आत येणारे तेच. निकाल शहराचा धरला म्हणून कर टिकला. कुणाचं मत मोजायचं हा प्रश्न कुठल्याही प्रयोगाने सुटत नाही, तो आधीच कुणीतरी सोडवून ठेवलेला असतो.

मध्यलय

मान्य. मी ते सांगायला हवं होतं असं नाही म्हणत, तुम्ही आहातच त्यासाठी. पण सोमवारच्या कामात हेही धरा: हद्द कुठे आखलीय आणि ती आखताना कोण बाहेर राहिलं.

रुळावरून

आणि प्रयोग संपायची तारीख आधी छापायची. आमच्याकडे 'प्रायोगिक तत्त्वावर' म्हणून सुरू झालेलं सगळं अजून प्रायोगिक तत्त्वावरच चालू आहे.

अर्धविराम

पण वाहतुकीचा कर थांबवता येतो. व्यसनाच्या धोरणाचं काय? पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःपुरते अमली पदार्थ बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं आणि पकडलेल्याला कोर्टाऐवजी समुपदेशन-उपचाराकडे वळवणाऱ्या समित्यांपुढे नेलं. उपचारांचं जाळंही वाढवलं. अमेरिकेतल्या ओरेगॉनने २०२१ मध्ये तसाच कायदा लागू केला आणि २०२४ मध्ये बाळगणं पुन्हा गुन्हा ठरवलं.

आकडेमोड

कायदा लगेच आला, उपचारांचा पैसा पोचायला उशीर झाला. अँड्र्यूज, प्रिचेट आणि वुलकॉक यांनी राज्यसंस्थांवर जे लिहिलंय ते इथेही लागू पडतं: बाहेरून दिसणारं रूप उचललं जातं, आतली क्षमता मागे राहते. पण एवढ्यावर निकाल देऊ नका. त्याच काळात फेंटानिल हा फार जहाल अमली पदार्थ तिथल्या बाजारात पसरला. मृत्यू वाढले ते कायद्यामुळे की फेंटानिलमुळे, यावर संशोधकांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

कातरवेळ

म्हणजे कायदा मागे घेतला तो घाईने की उशिरा?

आकडेमोड

तीन वर्षांत उपचाराची केंद्रं नीट उभीही राहत नाहीत, या हिशेबाने घाई. त्या तीन वर्षांत फुटपाथवर रोज काय दिसतंय हे बघणाऱ्या मतदाराच्या हिशेबाने उशीर. आमदारांना दुसरा हिशेब मतपेटीत दिसतो.

कोपरखळी

आणि ज्यांच्यासाठी कायदा केला ते फुटपाथवरचे लोक दोन्ही हिशेबांत कुठेच नाहीत. त्यांना कुणी विचारलं का, हे शोधतोय. सापडलं की इथेच टाकतो.